दोन स्क्रीन, तीन वह्या आणि आजींच्या ओव्या

झाली का कामं? कुणी भाकऱ्या थापत ऐकत असेल, कुणी कांद्याच्या चाळीत बसून ऐकत असेल. हात चालू ठेवा, कान इकडे द्या.

मी शिरूर तालुक्यात बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. गटाच्या वह्या, बँकेची कर्जं, ग्रामसंघाच्या बैठका हे माझं रोजचं काम. पण आज मी त्यावर बोलणार नाही. आज बोलायचंय ते कॉम्प्युटरवर आवाज रेकॉर्ड करताना स्क्रीनवरच्या विंडो कुठे आणि कशा मांडायच्या यावर. तुम्ही म्हणाल, ताईंना आज काय झालं? हा विषय तर मुंबईच्या स्टुडिओतला. मलाही तसंच वाटायचं. पण या एका गोष्टीपायी माझ्या हातून एक मोठं नुकसान झालं. ते पैशाचं नव्हतं, म्हणून ते भरूनही काढता आलं नाही. ते तुमच्या हातून होऊ नये म्हणून बोलतेय.

आमच्या गटांनी ठरवलं की आपापल्या वस्तीवरच्या म्हाताऱ्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या. रेडिओवर लावता येतील, आणि नातवंडांना आजीचा आवाज तरी राहील. हे काम काही आम्ही नव्याने काढलेलं नाही. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी १९८०च्या दशकापासून गावोगावच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. आधी हाताने लिहून घेतल्या. मग १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल नावाच्या फ्रेंच अभ्यासकांच्या मदतीने त्यातल्या पुष्कळ ओव्यांचं ध्वनिमुद्रणही झालं. एक लाखाच्या वर ओव्या, हजाराच्या वर गावं! २०१७ पासून हा साठा ‘पारी’ म्हणजे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतो. त्यात आपल्या शिरूर तालुक्यातल्या सविंदण्याच्या बायांच्याही ओव्या आहेत. मोबाईलवर शोधून ऐका. आपल्याच चुलतीने म्हटल्यासारखं वाटतं.

तर आम्ही ठरवलं. समाजमंदिराच्या मागची खोली मिळाली. एक लॅपटॉप होता, यूएसबीवर चालणारा एक माईक घेतला. रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर टाकलं. ते फुकट मिळतं, आणि आपल्यासारख्यांना पुरून उरतं. चालवायचं कसं ते मी चार दिवसांत शिकले. वाटलं, झालं की, अजून काय असतं?

पहिल्याच महिन्यात मळ्यातल्या एक आजी आल्या. वय ऐंशीच्या पुढे. नातवाने गाडीवर आणून सोडलं आणि बजावून गेला, “ताई, दिवस मावळायच्या आत मोकळं करा. उसात बिबट्या हाय.” आपल्या भागात हे काही नवं नाही. अंधार पडला की बाईमाणूस सोडा, गडीमाणूसही एकटा रस्त्याला लागत नाही. म्हणजे हाताशी दीड तास.

आजी बसल्या. आधी लाजल्या, मग हळूहळू लागल्या. आईवरच्या झाल्या, भावावरच्या झाल्या. मग त्यांची एक लेक होती, बाळंतपणात गेलेली, तिच्यावरच्या ओव्या सुरू झाल्या. खोलीत सहा-सात जणी होतो, कुणी हलेना. कुणाच्या बांगडीचासुद्धा आवाज नाही.

मी काय करत होते? लॅपटॉपवर दोन विंडो उघड्या होत्या. एक रेकॉर्डिंगची. दुसरीत मी कोणती ओवी कशावर, कितव्या मिनिटाला, हे टाईप करत होते. लॅपटॉपची स्क्रीन एवढीशी, वहीच्या पानाएवढी. एक विंडो वर आली की दुसरी झाकली जायची. मधे एकदा आवाजाचं मीटर बघायला रेकॉर्डिंगच्या विंडोवर क्लिक केलं, आणि परत टाईप करायला लागले. मला वाटलं मी माझ्या यादीत लिहितेय. पण कॉम्प्युटरला वाटत होतं मी अजून रेकॉर्डिंगच्याच विंडोत आहे. दोन शब्दांच्या मधे मी स्पेसचं बटण दाबलं. आता ऑडॅसिटीत स्पेस दाबलं की काय होतं? रेकॉर्डिंग थांबतं.

अक्षरं उमटेनात म्हणून मी यादीची विंडो वर घेतली, ती मोठी केली आणि लिहीत राहिले. तिच्या मागे रेकॉर्डिंग बंद पडलेलं होतं, ते मला दिसणार कसं?

आजी सव्वा तास गायल्या. आम्ही डोळे पुसले, चहा झाला, नातू आला, आजी गेल्या. मग मी उघडून बघितलं. अकरा मिनिटं. आईवरच्या ओव्या आणि भावावरच्या दोन-चार. पुढे काहीच नाही.

रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी मळ्यात जाऊन आजींच्या पाया पडले आणि खरं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “अगं बाय, म्हणंन की पुन्हा. पर सांगून ठिवते, त्या दिशीच्या त्या दिशी गेल्या. वव्या काय कणगीत भरून ठिवलेल्या असत्यात व्हय?”

बरोबरच होतं त्यांचं. ओवी पाठ करून म्हणत नाहीत. दळताना मनात जे येतं ते जात्याबरोबर बाहेर पडतं.

मग मी शोधायला लागले की हे झालं कसं. तालुक्याच्या गावी आवाजाचं काम करणाऱ्या एका मुलाला विचारलं. तो लग्नाच्या, जागरण-गोंधळाच्या रेकॉर्डिंगची कामं करतो. त्याच्या टेबलावर दोन मॉनिटर होते. मी म्हटलं, एका माणसाला दोन टीव्ही कशाला रे? तो म्हणाला, “ताई, जे सतत दिसायला पाहिजे ते कधीच झाकलं जाता कामा नये. एवढ्यासाठी.”

हे वाक्य घेऊन मी गटाच्या बैठकीत गेले. म्हटलं, जुना मॉनिटर अडीच हजारांत मिळतोय, केबलचे दोन-तीनशे वेगळे. बायांनी मला फाडून खाल्लं! एक म्हणाली, अडीच हजारांत माझी शेळीची पाठ झाली असती. दुसरी म्हणाली, आधी एक तर नीट चालवा. आणि त्यांचं चूक नव्हतं. गटाचा पैसा म्हणजे आठवड्याला वीस-वीस, पन्नास-पन्नास रुपये घालून साठवलेला. तो असा मागितला म्हणून द्यायचा नसतो.

मग मी काय केलं? गटाच्या तीन वह्या घेतल्या. हजेरीची, रोकड वही आणि कर्जाची खतावणी. तिन्ही एकावर एक ठेवल्या आणि आमच्या सचिवबाईंना म्हटलं, आता या ढिगातली एकच वही वर ठेवून बैठक चालवा. हजेरी लिहायची तर रोकड झाकली. रोकड वर घेतली तर खतावणी खाली. कुणी हप्ता दिला तो दोन ठिकाणी लिहायचा, तर चार वेळा वह्या खालीवर. तिसऱ्याच नोंदीला चूक झाली. मग तिन्ही वह्या सतरंजीवर शेजारी-शेजारी उघडून मांडल्या. काही बोलावं लागलं नाही. सचिवबाईच म्हणाल्या, “म्हणजे तुमचा लॅपटॉप म्हणजे ही एवढीशी सतरंजी. मोठी पाहिजे.” ठराव झाला. पण एका अटीवर: शिकायचं ते एकट्या ताईंनी नाही, गटातल्या आणखी दोघींनी पण. ही अट मला फार आवडली.

आता कामाचं सांगते. वही असेल तर लिहून घ्या. मुलीला किंवा सुनेला शेजारी बसवलंत तर अजून बरं.

मॉनिटर लॅपटॉपला जोडायचा तो एचडीएमआय केबलने. मॉनिटर फारच जुना असेल तर त्याला निळ्या टोकाची व्हीजीए केबल असते. मग मधे एक कन्व्हर्टर लागतो, दुकानात मिळतो. जोडला की कीबोर्डवर विंडोजचं चिन्ह असलेलं बटण धरून पी दाबा. चार पर्याय येतात. त्यात ‘डुप्लिकेट’ म्हणजे दोन्हीकडे तेच चित्र. त्याचा आपल्याला उपयोग नाही. एकाच वहीची झेरॉक्स शेजारी ठेवल्यासारखं ते झालं. आपल्याला हवं ‘एक्सटेंड’. म्हणजे सतरंजीला सतरंजी जोडून जागा मोठी केली.

मग सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात डिस्प्ले. तिथे एक आणि दोन असे दोन चौकोन दिसतात. मॉनिटर टेबलावर तुमच्या डाव्या हाताला ठेवला असेल तर त्याचा चौकोन माऊसने धरून डावीकडेच ठेवायचा. हे केलं नाही तर माऊस उजवीकडे नेला की बाण डावीकडच्या स्क्रीनवर उगवतो आणि माणूस चक्रावतो. आमच्या एका वहिनींनी तर माऊस उचलून झटकून बघितला होता.

विंडो एका स्क्रीनवरून दुसरीवर न्यायची तर तिची वरची पट्टी धरून ओढत न्या. किंवा विंडोजचं बटण आणि शिफ्ट एकत्र धरून डावा किंवा उजवा बाण दाबा, ती उडी मारते. हे बटण नीट लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

आता खरा प्रश्न: कोणती विंडो कुठे? पुष्कळांना वाटतं, मोठी स्क्रीन आहे तर महत्त्वाचं काम तिच्यावर. शहरात ते चालेल. आपल्याकडे आधी वेगळा विचार करायचा. लाईट गेली तर काय?

लाईट गेली की बाहेरचा मॉनिटर काळा होतो. लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालू राहतो, आणि यूएसबीचा माईकही त्याच्याच जिवावर चालू राहतो. म्हणजे रेकॉर्डिंग चालूच आहे. पण रेकॉर्डिंगची विंडो जर बाहेरच्या मॉनिटरवर असेल, तर ती कधी आपोआप लॅपटॉपवर येते, तर कधी त्या काळ्या स्क्रीनवरच अडकून बसते. तुम्हाला काहीच दिसत नाही, घाबरून तुम्ही काहीतरी बटण दाबता आणि चालू असलेलं बंद करून बसता. म्हणून आमचा नियम असा: जिच्यामागे बॅटरी आहे त्या स्क्रीनवर रेकॉर्डिंग. यादी, नोंदी, बाकी सगळं बाहेरच्या मॉनिटरवर. यादी अंधारात गेली तर गेली, कागदावर लिहिता येते. ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही, टेबलावरचा कॉम्प्युटर आहे, त्यांनी मॉनिटर घ्यायच्या आधी यूपीएस घ्यावा.

रेकॉर्डिंगच्या विंडोत तीन गोष्टी कायम दिसल्या पाहिजेत. एक, पुढे सरकणारी आवाजाची लाट. दोन, चालू असलेली वेळ. तीन, आवाजाचं मीटर. ऑडॅसिटीत मीटरची पट्टी धरून ओढली की ती सुटी होते आणि मोठी करता येते. आम्ही ती लांबून दिसेल एवढी मोठी केलीय. गाणारीचा आवाज सगळ्यात वर जाईल तेव्हा मीटर उणे बारा ते उणे सहाच्या मधे पोचलं पाहिजे. शेवटच्या लाल टोकाला टेकलं की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. म्हणून आधी एक मिनिट मोठ्याने म्हणायला लावून मीटर बघून घ्यायचं.

आता मी एक कबूल करते. दोन स्क्रीन घेतल्या म्हणून माझी ती स्पेसची चूक अशक्य झाली का? नाही झाली. विंडो दोन ठिकाणी असल्या तरी टायपिंग कुठे जाणार ते शेवटच्या क्लिकवरच ठरतं. फरक एवढाच की रेकॉर्डिंग थांबलं तर लाट थांबलेली लगेच डोळ्यांना दिसते. सव्वा तास जायच्या ऐवजी अर्धं मिनिट जातं. राहिलेली चूक टाळायला आम्ही तीन गोष्टी करतो. रेकॉर्डिंग चालू असताना टाईप करायचं नाही, नोंद कागदावर पेन्सिलने. खूण करायचीच असेल तर ऑडॅसिटीत कंट्रोल आणि एम दाबून एंटर. त्या जागी खूण पडते, नाव नंतर लिहायचं. आणि तिसरं, शेजारी एक मोबाईल विमान मोडवर टाकून त्यातही रेकॉर्डिंग चालू ठेवायचं. त्याचा आवाज तेवढा चांगला येत नाही. पण एका चुलीवर काही बिघडलं तर दुसरीवर काहीतरी असावं.

आणखी एक खोड सांगते, हिने आम्हाला अर्धा दिवस रडवलं. एचडीएमआयची केबल चित्राबरोबर आवाजही नेते. त्यामुळे मॉनिटर जोडला की कॉम्प्युटर कधीकधी ठरवतो की आता आवाज मॉनिटरमधून काढायचा. आपल्या हेडफोनमध्ये सगळं शांत. आम्हाला वाटलं माईक बिघडला. बिघडलं काहीच नव्हतं. खाली उजव्या कोपऱ्यात स्पीकरचं चिन्ह असतं, तिथे जाऊन परत हेडफोन निवडायचा. तसंच ऑडॅसिटीतही माईक कोणता निवडलाय ते दर वेळी बघायचं. नाहीतर बाहेरचा माईक समोर शोभेला आणि रेकॉर्डिंग लॅपटॉपच्या पोटातल्या माईकवर, असं होतं.

दुसरी खोड: मॉनिटर काढून ठेवला, लॅपटॉप घरी नेला, आणि एखादी विंडो दिसेचना. खाली पट्टीवर नाव आहे पण विंडो नाही. ती हरवलेली नसते, काढून ठेवलेल्या मॉनिटरच्या जागेवर थांबलेली असते. आल्ट आणि टॅब दाबून तिला निवडा, मग तेच मघाचं बटण: विंडोज, शिफ्ट आणि बाण. येते परत माहेरी.

रेकॉर्डिंग झालं की काटछाट. तेव्हा मात्र आम्ही मांडणी उलटी करतो. आता लाईट गेली तरी गाणारी निघून जाणार नाही, काम जतन केलेलं असलं की झालं. म्हणून लाटांची विंडो मोठ्या मॉनिटरवर, आणि ओव्यांची यादी लॅपटॉपवर. खोकला कुठे आला, ट्रॅक्टर कुठे गेला, हे मोठ्या स्क्रीनवर चटकन दिसतं. पेरणीची औजारं वेगळी, काढणीची वेगळी, तसं हे. रीपर नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, त्यात या दोन्ही मांडण्या जतन करून एका बटणावर बदलता येतात. ऑडॅसिटीत हाताने मांडावं लागतं, पण दोन मिनिटांचं काम आहे. मोठ्या स्टुडिओत हेच तत्त्व वाढवतात. एका स्क्रीनवर सगळे ट्रॅक, दुसरीवर आवाज कमीजास्त करायचा मिक्सर, सिनेमाचं काम असेल तर तिसरीवर चित्र. आपल्याला दोन पुष्कळ झाल्या.

आणि आपल्या मानेचं बघा. आपण आधीच वाकून वाकून पाठीची वाट लावलेली. जिच्याकडे जास्त वेळ बघायचं ती स्क्रीन नाकासमोर, हातभर अंतरावर. दुसरी तिला खेटून, थोडी आपल्याकडे वळवलेली. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली पाहिजे. आमचा मॉनिटर बुटका होता, त्याच्याखाली दोन विटा कापडात गुंडाळून ठेवल्यात. एवढंच बघा की गाणारी आणि माईक यांच्या मधे स्क्रीन येऊ नये. आवाज काचेवर आपटून परत येतो. माऊसची टकटक माईकपासून लांब असावी. आणि गाणारीचं तोंड आपल्याला दिसलं पाहिजे. ती दमली, तिला पाणी हवंय, तिला आता थांबायचंय, हे मीटर सांगत नाही.

बायांना हे जमेल का, असं अजून कुणी विचारतं तेव्हा मी आपल्या आसपासचं सांगते. दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये शंभर वर्षांपूर्वी छापखाना होता आणि तिथल्या मुली-बाया तिथे काम करायच्या. आपल्या तालुक्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. गावातल्या पोरापोरींनी हाताने काम करत शिकावं, हा त्यांचा विचार. तिथे २००२ मध्ये फॅब लॅब झाली, आणि ती जगातल्या सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक. शेजारच्या तेलंगणात माचनूरला गरीब दलित शेतकरी बाया २००८ पासून स्वतःचा संगम रेडिओ चालवतात. साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग आहे. सामुदायिक रेडिओ काढायची परवानगी संस्थांना २००६ मध्ये मिळाली, त्याआधी ती फक्त शिक्षणसंस्थांना होती. दार उघडल्यावर दोन वर्षांत बाया आत जाऊन बसल्या होत्या, हे लक्षात घ्या.

शेवटी त्या आजींचं सांगते. मॉनिटर आल्यावर दोन महिन्यांनी आम्ही त्यांना परत बोलावलं. या वेळी मशीनवर मी नव्हते. गटातली एक सून बसली होती, दहावी झालेली. मी नुसती आजींच्या शेजारी बसले. तिने आधी मीटर बघितलं, हेडफोन बघितला, मोबाईल लावला आणि मानेने खूण केली.

आजी गायल्या. पण आईवरच्या, सासरवरच्या, पंढरीच्या. लेकीवरची एकसुद्धा आली नाही. मी विचारलंही नाही. ते मागून घ्यायचं नसतं.

झाल्यावर सुनेने मोठा मॉनिटर त्यांच्याकडे वळवला आणि ऐकवलं. आजी लाटांकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “ही डोंगरावाणी दिसतीया ती मीच का?” ती म्हणाली, “व्हय आजी, तुमचाच आवाज.” मग एका ठिकाणी लाट अगदी बारीक झाली होती, सपाट जमिनीसारखी. तिथे बोट ठेवून आजींनी विचारलं, “आणि इथं काय झालं? मशीन बंद पडलं का गं पुन्हा?”

आम्ही तो तुकडा परत ऐकला. मशीन चालूच होतं. आजीच थांबल्या होत्या. पाच-सहा सेकंद नुसता श्वास, आणि लांब कुठेतरी कोंबडा. मग पुढची ओवी.

सुनेने विचारलं, “काढून टाकू का हे मधलं?” काटछाट करताना अशा मोकळ्या जागा आपण काढतोच. आजी म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे.” ते तसंच ठेवलंय. तुम्ही या रेडिओवर त्यांच्या ओव्या ऐकाल तेव्हा मधे आवाज थांबेल. रेडिओ बिघडला म्हणून कानाखाली वाजवू नका त्याच्या.

आणि मैत्रिणींनो, तुमच्याकडे दोन स्क्रीन नसतील, लॅपटॉप नसेल, तर नुसता मोबाईल घ्या. विमान मोडवर टाका, गाणारीपासून वीतभर-हातभर अंतरावर उशीवर ठेवा, पंखा बंद करा. मोबाईलवर दुसरं काहीही उघडू नका, आणि दर चार-पाच मिनिटांनी आकडे पुढे सरकतायत ना एवढं बघा. सगळी मांडणी असते ती तेवढ्याच एका गोष्टीसाठी: चालू आहे की नाही, हे डोळ्यांना दिसत राहावं. पण या आठवड्यात कराच. ज्यांच्याकडून घ्यायचं त्यांच्याकडे फार दिवस नाहीत, आणि मी सांगितलं ना, त्या दिवशीच्या त्या दिवशी जातात.

येते मी. नमस्कार.